शपथ नको, हिशेब द्या : नशेचा कायदा आणि आपली पोरे



निवडणुकीच्या सभेत उमेदवार कर्जमाफीवर बोलतो, विजेवर बोलतो आणि समोर बायकांची गर्दी जास्त दिसली की नशामुक्तीवर बोलतो. टाळ्या हमखास पडतात. कर्जमाफीचे आश्वासन दिले तर पुढे पैसा कुठून आणणार असे कोणी तरी विचारतो. नशेच्या बाबतीत तेही कोणी विचारत नाही. शपथ घेतली, दोन शिव्या दारूवाल्यांना घातल्या की उमेदवाराचे काम संपते.

या विषयावर लोकांना न आवडणारे बोलून मते मागणारा माणूस क्वचितच सापडतो. पंजाबातल्या पतियाळा मतदारसंघात असा एक सापडला. डॉ. धर्मवीर गांधी हे तिथले हृदयरोगतज्ज्ञ. 2014 मध्ये आम आदमी पक्षाच्या तिकिटावर ते लोकसभेत गेले. पुढे पक्षाशी बिनसले, 2019 मध्ये स्वतःचा पक्ष काढून लढले आणि हरले, 2024 मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर पुन्हा निवडून आले. त्यांचा पक्ष कोणता याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. ते जे म्हणतात त्याच्याशी आहे, कारण त्यात कायदा आहे, शेती आहे आणि शेतकऱ्याचा पोरगाही आहे.

पंजाबचे आम्हाला काय, असे कोणी म्हणू नये. भटिंडा, मानसा, फाजिल्का हा पट्टा आपल्यासारखाच कापसाचा. तिथे त्याला नरमा म्हणतात. फरक इतकाच की त्यांच्या शेताला कालव्याचे पाणी आहे आणि त्या राज्यात गहू-भाताला सरकारी खरेदी आहे. ज्या गोष्टी मिळाल्या तर आपले भले होईल असे आपण म्हणतो, त्यातल्या बऱ्याच त्यांना मिळाल्या. तरीही तिथली आई रात्री पोरगा घरी येईपर्यंत दाराशी बसते. तेव्हा पंजाबचा धडा आपल्याला परका नाही.

डॉक्टर काय म्हणतात

डॉक्टरांचे म्हणणे थोडक्यात असे. पंजाबात अफू आणि भुक्की, म्हणजे अफूच्या बोंडांचा भुसा, पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला जात होता. कापणीच्या दिवसांत मजूर खात, म्हातारे खात. चांगले होते असे नाही, पण त्याने गावे ओस पडली नाहीत. 1985 मध्ये केंद्र सरकारने अमली पदार्थांचा नवा कायदा केला. त्याने अफू, गांजा, हेरॉईन, कोकेन या सगळ्यांना एकाच दावणीला बांधले. भुक्की मिळेनाशी झाली आणि तिची जागा हेरॉईनने घेतली. पंजाबात त्याला चिट्टा म्हणतात. म्हणून सौम्य आणि जहाल पदार्थ कायद्यात वेगळे करा, खाणाऱ्याला तुरुंगात घालू नका, दवाखान्यात पाठवा, आणि अफूची शेती व विक्री सरकारी देखरेखीखाली खुली करा. 2016 मध्ये कायदा दुरुस्तीचे खासगी विधेयकही त्यांनी तयार केले. ते पुढे सरकले नाही.

दुसऱ्या बाजूला शपथ घेणारे. डिसेंबर 2015 मध्ये भटिंड्याच्या सभेत कॅप्टन अमरिंदर सिंग यांनी पवित्र गुटका हातात धरून चार आठवड्यांत नशेचे कंबरडे मोडण्याची शपथ घेतली. 2017 मध्ये त्यांच्या पक्षाला 117 पैकी 77 जागा मिळाल्या. जुलै 2018 मध्ये त्यांच्याच मंत्रिमंडळाने नशेच्या व्यापाऱ्याला फाशी द्यावी अशी शिफारस केंद्राकडे केली. चार आठवड्यांचे काम झाले असते तर सव्वा वर्षाने फाशी मागायची वेळ आली नसती. 2022 मध्ये दुसऱ्या पक्षाचे सरकार आले. त्यानेही मार्च 2025 मध्ये नशेविरुद्ध युद्ध पुकारले आणि आरोपींच्या घरांवर बुलडोझर चालवले. सरकारे बदलली, युद्ध तेच राहिले.

डॉक्टरांचे बरोबर कुठे आहे

2015 मध्ये पंजाबातल्या दहा जिल्ह्यांत एक पाहणी झाली. अफूपासून बनणाऱ्या आणि तशाच गुणाच्या पदार्थांवाचून राहू न शकणारे किती, याचा अंदाज 2 लाख 32 हजार निघाला. पाहणीतल्या शंभरांपैकी 76 जण 18 ते 35 वयाचे होते. शंभरांतले 53 हेरॉईनवर होते, 33 अफू-भुक्कीवर आणि उरलेले औषधाच्या गोळ्यांवर. हेरॉईनवाल्याचा रोजचा खर्च सुमारे 1,400 रुपये, अफूवाल्याचा 340.

हे आकडे आपल्या भाषेत मांडून पाहा. रोजचे 1,400 म्हणजे महिन्याचे 42 हजार. 2025-26 चा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,710 रुपये. म्हणजे एका पोराच्या एका महिन्याच्या नशेला जवळजवळ साडेपाच क्विंटल कापूस लागतो, तोही 2015 च्या नशेच्या दराने. कोरडवाहू एकराचे सगळे पीक विकून महिना निघायचा नाही. मग दागिने जातात, मग मोटारसायकल जाते, मग शेत जाते, आणि शेवटी पोरगा स्वतःच विकायला लागतो. व्यसनी माणूस विक्रेता का होतो याचे उत्तर त्याच्या चारित्र्यात शोधण्याआधी या हिशेबात शोधावे.

बंदीने जहाल माल का वाढतो हेही कोणा व्यापाऱ्याला विचारा. भुक्कीचे पोते लपवता येत नाही, हेरॉईनची पुडी मुठीत मावते. पकडले जाण्याची भीती दोन्हीत असेल तर चोरटा व्यापारी पुडीच नेणार, कारण तेवढ्याच जोखमीत नफा कितीतरी पट. पोत्याला आणि पुडीला एकाच दमात गुन्हा ठरवणारा कायदा पुडीवाल्याची सोय करतो.

आपल्याकडे दाखले कमी नाहीत. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. आपल्या गावच्या टपरीवर तो मिळत नाही असे छातीवर हात ठेवून सांगणारा वाचक असेल तर त्याने जरूर कळवावे. चंद्रपूर जिल्ह्यात 1 एप्रिल 2015 पासून दारूबंदी आली आणि 2021 मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. बंदीच्या सहा वर्षांत दारू शेजारच्या जिल्ह्यांतून येतच राहिली. शाळकरी वयाच्या पोरांच्या हाती पिशव्या देऊन ती पोचवली गेल्याच्या तक्रारी झाल्या, आणि बंदी उठवताना सरकारने अवैध दारू व वाढलेली गुन्हेगारी हीच कारणे दिली.

इथवर आम्ही डॉक्टरांच्या बरोबर आहोत. खाणाऱ्याला कैदी करून नशा सुटत नाही, आणि सगळ्या नशांना एकच शिक्षा लावणारा कायदा शहाणपणाचा नाही.

अफूचे पीक तारणार नाही

पण अफूची शेती खुली करा म्हटले की काहींच्या डोळ्यांपुढे नोटा नाचू लागतात. कापसाला परवडत नाही, सोयाबीनला परवडत नाही, मग अफू का नको? त्यांनी एकदा मंदसौर, नीमच, चित्तोडगडकडे जाऊन यावे. तिथे परवान्याची अफू होतेच. 2023-24 च्या हंगामात तीन राज्यांतले सुमारे 1 लाख 12 हजार शेतकरी परवान्याला पात्र ठरले.

परवाना म्हणजे काय ते समजून घ्या. क्षेत्र बहुतेकांना दहा आर किंवा त्याहून कमी. म्हणजे दहा गुंठे. मोजायला सरकारी माणूस येणार. खरेदीदार एकच, केंद्र सरकार. भाव तेच ठरवणार, प्रत तेच तपासणार, आणि ठरवलेल्या उताऱ्यापेक्षा माल कमी भरला तर पुढच्या वर्षी परवाना जाऊ शकतो. गारपीट झाली, पोपटांनी बोंडे फोडली, तरी जबाबदारी शेतकऱ्याची. चार तोळे बाजूला ठेवले तर तुरुंग. सरकारी दर किलोमागे फार तर काही हजार रुपये आणि चोरबाजारात त्याच्या अनेक पट, त्यामुळे प्रत्येक परवानाधारक पोलिसांच्या लेखी जन्माचा संशयित.

कापसाच्या शेतकऱ्याला हे ऐकून काही आठवते का? 1972 मध्ये महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी आली आणि तीस वर्षे टिकली. खरेदीदार एक, प्रत ठरवणारा तोच, चुकारा देणाराही तोच, आणि आपलाच कापूस राज्याच्या हद्दीबाहेर नेला तर आपण तस्कर. ज्याने कापसात एकाधिकार भोगला त्याने अफूत तो मागून घ्यावा, यात शहाणपण ते काय? डॉक्टरांच्या योजनेत सरकारी देखरेख म्हणतात ती हीच.

आणि परवान्याशिवाय पेरले तर काय होते तेही आपण पाहिले आहे. 2012 मध्ये बीड जिल्ह्यात खसखशीच्या नावाने घेतलेले अफूचे पीक पोलिसांनी उपटले आणि शेतकऱ्यांवरही गुन्हे दाखल झाले. धुळे जिल्ह्यात शिरपूरकडे कापूस आणि तुरीच्या ओळींत लावलेला गांजा वरचेवर पकडला जातो. गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. बी देणारा आणि माल नेणारा मोकळा फिरतो, सातबारा ज्याच्या नावावर त्याला बेडी पडते. ज्या धंद्यात जमीन आपली, जोखीम आपली आणि नफा दुसऱ्याचा, त्या धंद्याला पीक म्हणू नये.

तिसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. नशेचा माल आता शेतातच पिकतो असे नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी मेफेड्रोनचा मोठा साठा पकडला. पोरे त्याला एमडी म्हणतात. त्याला ना पाऊस लागतो ना जमीन. रसायने आणि एक शेड पुरते. अफू खुली केली की पोरगा एमडी सोडून अफूकडे वळेल, असे कोणी सांगत असेल तर तो आशेवर बोलतो आहे, हिशेबावर नाही.

बायांचे म्हणणे टाळता येणार नाही

बंदीवर टीका करताना एक गोष्ट पुरुषांच्या सभेत हटकून विसरली जाते. डिसेंबर 2010 मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर हजारो बाया पायी चालत गेल्या त्या दारूबंदी मागायला. त्या काही कायद्याची पुस्तके वाचून निघाल्या नव्हत्या. निंदणाची मजुरी संध्याकाळी कोणाच्या खिशात जाते आणि रात्री कोणाच्या पाठीवर वळ उठतात, हे त्यांना ठाऊक होते.

त्यांना स्वातंत्र्याचे व्याख्यान देणे सोपे आहे. पण पिणाऱ्याचे स्वातंत्र्य बायकोच्या मजुरीतून वसूल होत असेल तर ते स्वातंत्र्य नव्हे, उधारी आहे. अफू सौम्य म्हणणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. त्याच पंजाबच्या पाहणीत शंभरांतले 33 जण अफू-भुक्कीच्याच आहारी गेले होते. रोजचे 340 रुपये 1,400 पेक्षा कमी, पण ज्या घरात दिवसाची मजुरी तेवढीच येते तिथे चूल तितकीच थंड राहते. बंदी हटवा म्हणणाऱ्यावर दुप्पट जबाबदारी येते. बंदी नको तर त्या बाईच्या हाती दुसरे काय देणार, हे त्याने आधी सांगावे.

देण्याजोगे काही आहे. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. तिथेही नुसत्या कायद्यावर भागले नाही. 2016 पासून मुक्तिपथ नावाचा कार्यक्रम गावागावांत चालला. गावाच्या संघटना झाल्या, तालुक्याला उपचाराची सोय झाली. पंजाबनेही 2017 पासून उपचार केंद्रे उघडली. जिभेखाली ठेवायची गोळी देऊन हेरॉईनची ओढ कमी करतात. अशी केंद्रे पाचशेच्या वर गेली. शपथांपेक्षा या गोळीने जास्त घरे सावरली असावीत असे आमचे मत आहे. आणि 1985 च्या त्याच कायद्यात, उपचाराला स्वतःहून जाणाऱ्या व्यसनीवर थोड्या मालासाठी किंवा सेवनासाठी खटला चालवू नये अशीही तरतूद आहे. गावात हे कोणाला माहीत आहे? पोलीस पाटलाला तरी?

शाळेत काय शिकवायचे

डॉक्टरांच्या विधेयकाचा जोर कायद्यावर आहे. कायदा पोरगा बिघडल्यावर येतो. त्याआधीची दहा वर्षे तो शाळेत असतो. खरी कसोटी तिथे आहे.

पंजाबने 2018 मध्ये शाळांत जोडीदार योजना आणली. पाच-पाच मुलांचे गट, एकमेकांवर लक्ष, वर शिक्षक. ऑगस्ट 2025 पासून नववी ते बारावीच्या मुलांसाठी नशेवरचा वेगळा अभ्यासक्रम सुरू केला. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी यांच्या मंडळींनी तो तयार करायला मदत केली. त्याचे फळ काय येते ते पुढे दिसेल. पण मुलांना खरी माहिती देऊन विचार करायला लावावे, हा विचार योग्य आहे.

आपल्याकडे नशाविरोधी शिक्षण म्हणजे 26 जूनची प्रभातफेरी, एक फलक आणि पाहुण्यांचे भाषण. भाषणात सांगतात की नशा केली की मरण. पोरगा संध्याकाळी पाराजवळ खर्रा खातो, मरत नाही. पुढे कोणी गांजाचा झुरका देतो, तेव्हाही मरत नाही. मग त्याला वाटते की मास्तर खोटे बोलतो. ज्या दिवशी खरोखर जीव घेणारी पुडी हातात येते त्या दिवशी त्याला खरे सांगणारा कोणी उरलेला नसतो. खोट्या भीतीचे शिक्षण हे असे उलटते. खर्ऱ्याने तोंड उघडायचे बंद होते, ते किती वर्षांत आणि कसे, हे सांगा. दारूने काय होते, गांजाने काय होते, हेरॉईनची ओढ किती लवकर लागते, हे वेगवेगळे सांगा. शेतकऱ्याच्या पोराला विषाच्या डब्यांवरचे लाल, पिवळे, निळे, हिरवे त्रिकोण कळतात. नशेतला फरकही त्याला कळेल.

आणि हे सांगणाऱ्याच्या गालात खर्रा नसावा. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही असा कायदा 2003 पासून आहे. त्या टपरीवर मास्तरच उभे असतील तर फळ्यावर काय लिहिले याला अर्थ नाही.

आता शेवटची आणि सगळ्यात अवघड गोष्ट. पोरगा नशेकडे जातो तो नुसता माहिती नसल्यामुळे नाही. बारावी झाली, पदवी झाली, भरतीच्या मैदानावर तीन वर्षे पळून झाले. नोकरी नाही. शेतात उतरायची लाज शाळेनेच शिकवली. घरच्या व्यवहारात बाप त्याला विचारत नाही, कापसाची पट्टी दाखवत नाही. लग्न जमत नाही. दिवस कसा घालवायचा हा प्रश्न त्याच्यापुढे रोज सकाळी उभा राहतो, आणि पाराजवळचा सोबती त्याचे उत्तर घेऊन तयार असतो. पंजाबने दाखवून दिले आहे की घरात पैसा असला तरी रिकामा पोरगा वाचत नाही, आणि घरात पैसा नसला तर तो अधिक लवकर बुडतो. म्हणून शेतमालाच्या भावाची लढाई जितकी खरी, तितकेच हेही खरे की हाताला काम आणि घरात मान मिळाल्याशिवाय कोणताही अभ्यासक्रम पोराला धरून ठेवणार नाही. पोराला एक एकर त्याच्या हिशेबाने करू द्या. नफा-तोटा त्याला लिहू द्या. हे शिक्षण देण्यासाठी कोणत्याही खात्याची परवानगी लागत नाही.

उमेदवाराला विचारायचे प्रश्न

पुढच्या वेळी कोणी व्यासपीठावरून नशामुक्तीची शपथ घेऊ लागला तर टाळ्या वाजवण्याआधी त्याला एवढे विचारा.

एक, बंदी घालणार असाल तर जी आधीच आहे तिचा हिशेब द्या. गुटख्याची बंदी आमच्या टपरीवर का पोचली नाही?

दोन, बंदी उठवणार असाल तर ज्या घरात पिणारा आहे त्या बाईसाठी काय करणार? तालुक्याच्या दवाखान्यात व्यसनमुक्तीचा डॉक्टर कधी बसणार?

तीन, खाणारा आणि विकणारा यांच्यात फरक करणार का? पुडीसह सापडलेल्या अठरा वर्षांच्या पोराला कुठे पाठवणार, कोठडीत की दवाखान्यात?

चार, शाळेत काय शिकवणार, कोण शिकवणार, आणि शिकून निघालेल्या पोराला तालुक्यात काम काय मिळणार?

पतियाळ्याच्या डॉक्टरांनी यातल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर न घाबरता दिले, त्याबद्दल त्यांना मानले पाहिजे. दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या अफूच्या शेतात सापडत नाही. शपथवाल्यांकडे तर चारांपैकी एकाचेही नाही.

जिल्हा बैठकीत या विषयाला अर्धा तास द्यावा असे आम्ही सुचवतो. त्या अर्ध्या तासात आधी बायांना बोलू द्यावे, मग पंचविशीच्या आतल्या पोरांना, आणि पुढाऱ्यांना शेवटी. ज्यांच्या घरात आजच हा प्रश्न आहे त्यांनी बैठकीचीही वाट पाहू नये. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची दूरध्वनी सेवा 14446 या क्रमांकावर आहे, फोनला पैसे पडत नाहीत. लाज बाळगू नका. बोंडअळी दिसली की आपण शेजाऱ्याला विचारतो. पोराच्या बाबतीत मात्र गप्प बसतो आणि सगळे शेत गेल्यावर बोलतो. या वेळी आधी बोला.